शीतकरण असलेला खगोल-कॅमेरा : कोल्हापुरातील आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या दसऱ्याला मी सोनीच्या आयएमएक्स ५३३ संवेदकाचा, शीतकरणाची सोय असलेला रंगीत कॅमेरा घेतला आणि मेअखेरपर्यंत तो नियमित वापरला. त्याआधी चार वर्षे मी साध्या डीएसएलआरवर तेजोमेघांची छायाचित्रे घेत होतो. एप्रिलच्या उकाड्यात त्याचा संवेदक रात्रभर तापत जाई, पहाटे घेतलेल्या डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेली, फक्त संवेदकाचे स्वतःचे दोष टिपणारी छायाचित्रे) संध्याकाळच्या छायाचित्रांशी जुळत नसत आणि त्या वजा करूनही लाल-निळे ठिपके उरतच.

नव्या कॅमेऱ्याचा संवेदक बाहेरच्या हवेपेक्षा ३५ अंश खाली उतरतो, हा आकडा घेणाऱ्याला भुरळ घालतो. मीही थंडीत उणे १० अंशांवर काम केले. एप्रिलमध्ये मात्र रात्री नऊला गच्चीवर २८ अंश असताना सगळी ताकद लावूनही तो उणे ७ च्या खाली जाऊ शकत नाही, म्हणून आता मी बाराही महिने शून्य अंशच ठरवला आहे. डार्क करंट, म्हणजे प्रकाश नसतानाही उष्णतेमुळे संवेदकात निर्माण होणारा प्रवाह, साधारण दर सहा-सात अंशांना निम्मा होतो. म्हणजे २८ वरून शून्यावर येतानाच तो सोळा ते पंचवीस पटींनी घटतो, आणि त्यापुढच्या दहा अंशांचा लाभ शहराच्या उजळ आकाशात मला तरी दिसला नाही. तापमान एका जागी टिकते, हे मला अधिक मोलाचे वाटते. एका दुपारी गच्चीच्या खोलीत घेतलेल्या पन्नास डार्क फ्रेम मला महिनोन्‌महिने पुरल्या.

संवेदक चौरस असून त्याची बाजू ११.३ मिलिमीटर, म्हणजे ३००८ पिक्सेल आहे. माझ्या ४०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीवर सुमारे १.६ अंशांचे आकाश मिळते. मृगातला तेजोमेघ त्यात ऐसपैस बसतो, देवयानी दीर्घिका बसत नाही. कोपऱ्यातून प्रकाश झिरपल्यासारखी चमक डार्क फ्रेममध्ये दिसत नाही, आणि माझी निवड मुख्यतः त्याच कारणाने झाली. एप्रिलच्या मध्यरात्री दक्षिणेला जेमतेम २६ अंशांवर येणाऱ्या ओमेगा सेंटॉरी या तारकागुच्छाचे तारे कडेपर्यंत सुटे आले, तेव्हा झालेला आनंद शब्दांत मांडणे कठीण आहे.

दोन अडचणी सांगायलाच हव्यात. पन्हाळ्याकडच्या एका शेतात गाडीच्या बॅटरीवर कॅमेरा लावला, तेव्हा लॅपटॉपवरचे तापमान शून्यावरून चार अंशांपर्यंत हेलकावे खाऊ लागले. दोष कॅमेऱ्याचा नव्हता. मी वापरलेली पाच मीटरची वायर बारीक होती आणि शीतकरण पूर्ण चालू असताना तिच्यातच व्होल्टेज पडत होते. जाड, आखूड वायर लावल्यावर आकडा जागचा हलला नाही. दुसरी अडचण मे महिन्यातली. वळीव पडून गेलेल्या रात्री प्रत्येक छायाचित्राच्या मधोमध पिसासारख्या कडांचा करडा डाग दिसू लागला. संवेदकाच्या बंद कप्प्यातल्या ओलाव्याचे दव गोठले होते. आतल्या शोषक गोळ्या बदलल्यावर डाग गेला, आणि तेव्हापासून मी तापमान एकदम न उतरवता दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू उतरवतो.

सध्या कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात आहे. नवरात्राच्या आधी गोळ्या पुन्हा बदलून नव्या डार्क फ्रेम घेणार आहे.