नऊ महिने कृतज्ञतेची वही: रोजकीर्दीपासून खतावणीपर्यंत

आधी खर्च सांगते, पेशाच तो आहे. २०० पानी वही एक, ६५ रुपये, रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायला. मोबाइलवरचं ध्यानाचं ॲप, पहिला महिना फुकट, दुसऱ्याचे पैसे गेले, तिसऱ्यात बंद केलं. वेळ म्हणाल तर सकाळी चहाची सात-आठ मिनिटं आणि रात्री वहीची दहा. सुरुवात खंडेनवमीला केली, म्हणजे आता नऊ महिने होतील. राहते डोंबिवलीला, नोकरी भायखळ्याला, अकाउंट्समध्ये. रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, जरा मन शांत ठेवा. ते कसं ठेवायचं हे चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं, म्हणून हा सगळा उद्योग.

ॲपचं पटकन आटोपते. रात्री नऊला टिंग वाजायचं आणि एक गोड आवाज मराठीत बोलायचा, पण ते मराठी सरकारी परिपत्रकातलं. एक दिवस चुकला की "तुमची साखळी तुटली" असा निरोप. म्हणजे मन शांत ठेवायचं, त्याचीही हजेरी! माझी खरी अडचण मात्र वेगळी होती. डोळे मिटून श्वासाकडे बघायला लागले की छातीत धडधडायचं. दोन वर्षांपूर्वी वडील गेले ते श्वासाच्याच त्रासाने, मी तेव्हा उशाशी होते. तीन आठवडे मी जबरदस्तीने बसत राहिले, सवय होईल म्हणून. झाली नाही. शेवटी डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, श्वास सोडून द्या, डोळे उघडे ठेवा, तळपाय जमिनीला टेकलेत तिकडे लक्ष द्या किंवा आवाज ऐका. हे कुणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. ज्यांना असा त्रास होतो त्यांनी "मलाच जमत नाही" म्हणून खंतावत बसू नका. ऑफिसातली एक जण इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवस मौनात राहून आली. राहण्या-जेवणाचेही पैसे घेत नाहीत, नंतर जमेल ते दान द्यायचं. ती फार खुशीत आहे. मला सलग तेवढी रजा मिळायची नाही, आणि खरं सांगायचं तर धीरही नाही.

मला लागू पडला तो खाडीचा पूल. ऑफिसला जाताना कळवा मागे पडलं की लोकल खाडीवर येते, रुळांचा आवाज एकदम पोकळ होतो. तो आवाज आला की फोन पर्समध्ये, ठाणे येईपर्यंत नुसतं बघायचं आणि ऐकायचं. एवढंच. ओहोटी असेल तर चिखलाचा वास येतो, तिवरांत बगळे दिसतात. बावीस वर्षं या पुलावरून जातेय, बगळे या वर्षी पाहिले. सिग्नलला गाडी पुलावरच थांबली की आधी चिडचिड व्हायची, आता जरा कमी होते. होतच नाही असं मात्र नाही, मस्टर तर आहेच.

आता बेदाण्याचं. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमध्ये सजगतेचा (माइंडफुलनेस, म्हणजे या क्षणी जे आहे त्याकडे नीट लक्ष देणं) आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. त्यात एकच बेदाणा हातात घेऊन, निरखून, हुंगून, सावकाश चावून खायला लावतात. मी हे ऐकलं आणि हसूच आलं, कारण माझं आजोळ तासगाव तालुक्यात. आमच्याकडे बेदाणा मोजतात तो टनात. तरी एका रविवारी डब्यातला एक घेतला. हिरवट-पिवळा, सुरकुतलेला, बुडाला काडीचं तुटकं टोक. आणि त्या काडीवरून मला मामाचं बेदाण्याचं अख्खं शेड आठवलं. द्राक्षांचे घड डिपिंग ऑइल (द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून वापरतात ते तेल) आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढायचे, जाळ्यांवर पसरायचे, पंधरा दिवस वाळू द्यायचे, मग काड्या मोडून निवडायला बायका बसायच्या. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा. मध्येच अवकाळी पाऊस आला की माल काळा पडतो आणि सौद्यात दर पडतो. मामाचा चेहरा त्या दिवसांत कसा असायचा ते डोळ्यांपुढे आलं. बेदाणा तोंडात विरघळून गेला होता, चव कशी होती ते विचारू नका. कार्यक्रमाच्या हिशेबाने मी नापास. पण त्याच संध्याकाळी मामाला फोन केला, जवळजवळ वर्षभराने.

एका बेदाण्यामागे मामा दिसला, वहीत मात्र माणसं नव्हतीच. वहीचा दोष मला इथे कळला. तोवर रोज रात्री तीन गोष्टी लिहायचे. दसऱ्यापासून तीन महिन्यांत ७१ दिवस भरले, म्हणजे २१३ नोंदी. चाळून पाहिलं तर "सीट मिळाली" ३८ वेळा! "चहा छान झाला", "झोप लागली", "हवा छान होती", असं किती तरी. शेवटी शेवटी तर लिहायचं म्हणून लिहीत होते, शाळेत शुद्धलेखनाची पानं भरायचो तसं. मग थोडं वाचलं. एमन्स आणि मॅक्कलॉ या मानसशास्त्रज्ञांचा २००३ चा गाजलेला प्रयोग आहे, त्यात एका गटाने आठवड्यातून एकदा चांगल्या गोष्टी लिहिल्या आणि त्यांना त्रासाच्या गोष्टी लिहिणाऱ्यांपेक्षा बरं वाटलं. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. मला पटलं. पोळा रोज असता तर झूल आणि पुरणपोळी असूनही बैल कंटाळला असता.

म्हणून पौषात पद्धत बदलली. आमच्या भाषेत सांगायचं तर मी नुसती रोजकीर्द लिहीत होते, खतावणी केलीच नव्हती. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार येतात. कुणाचं किती देणं आहे, ते खात्यावर घेतल्याशिवाय कळत नाही. पट्टीने एक रकाना आखला: कोणामुळे? आणि रविवारी दुपारी बसून त्या २१३ नोंदी नावांवर चढवल्या.

त्या दुपारी जे दिसलं ते ॲपने जन्मात दाखवलं नसतं. सर्वांत मोठं खातं निघालं भांड्यांच्या मावशींचं, ४१ नोंदी. "संध्याकाळी आले तर ओटा स्वच्छ", "आज मला भांडी नव्हती", "सासूबाईंना चक्कर आली तेव्हा मावशी होत्या". सासूबाई २४. नवरा ११ (त्याला दाखवलं नाही). आणि ती ३८ वेळा मिळालेली सीट? ती बहुतेक वेळा एकाच बाईची. घाटकोपरला मेट्रोसाठी उतरते, हिरवी पर्स. मी चढल्या चढल्या मान हलवते, तीही हलवते, की सीट माझी. इतकी वर्षं त्या मान हलवण्यापलीकडे आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. मामाच्या खात्यावर तीन महिन्यांत शून्य. ऑफिसातल्या ज्या वरिष्ठांना दिवाळीला मी मिठाईचा मोठा बॉक्स दिला, तिथेही शून्य.

खातं निघालं की देणं आलंच. मावशींना महिन्याला दोन सुट्ट्या होत्या, त्या चार केल्या आणि पगारात ३०० वाढवले. त्यांनी विचारलं, "का, शेजारचीनं मला बोलावलं ते कळलं का तुम्हाला?" मला खरंच माहीत नव्हतं! हिरव्या पर्सवालीशी आता बोलते. तिचा मुलगा दहावीला होता, चिंच घातलेला खाऊ तिला आवडतो.

घरात मात्र आभार मानणं सोपं नाही, हे आधीच सांगून ठेवते. आपल्याकडे आभार म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटचं आभारप्रदर्शन, त्या वेळी लोक चपला शोधत असतात. नवऱ्याला म्हटलं, "गॅसचं तू लक्षात ठेवलंस, थँक्यू." तो म्हणाला, "काय पाहिजे?" सासूबाईंना म्हटलं तर त्या दुखावल्याच. "आभार कसले मानतेस? मी काय परकी आहे?" चार दिवस घरात विचित्र वातावरण. मग लक्षात आलं की शब्द आपल्याकडे आहेतच, फक्त ते वेगळे आहेत. "बरं झालं आणलंस." "वाचवलंत बाई आज." "तुमच्या हातची आमटी माझ्याच्याने होत नाही." हे म्हटलं की सासूबाई "हं" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आमटी होते.

एक धोकाही सांगायला हवा, तो मला उशिरा दिसला. वहीत दोन ठिकाणी लिहिलं होतं: "पगार १२ तारखेला का होईना, झाला." कोणामुळे? या रकान्यात काही लिहिता येईना. ही कृतज्ञता नव्हती, तक्रार गिळली होती मी, आणि वर तिला फूल वाहिलं होतं. कितीतरी जणींच्या बाबतीत हेच होत असणार, "त्याच्यापेक्षा वाईट झालं असतं" म्हणत. दोन्ही नोंदी खोडल्या आणि आम्ही सहा जणांनी मिळून एचआरला मेल केला. आता पगार सात तारखेला होतो. सातला झाला त्या दिवशी मात्र वहीत पाच नावं लिहिली, एक एक करून.

रक्तदाबाची गोळी आहे तेवढीच आहे. झोपेत थोडा फरक, पण तो रात्री फोन लांब ठेवल्यामुळेही असेल. चिडणं कमी झालंय का ते घरच्यांना विचारलं, तर मतं विभागली गेली. रोजच्यापैकी टिकलंय काय, तर खाडीचा पूल, आणि फोनशिवाय घेतलेला सकाळचा पहिला चहा. वही रविवारची झाली. घ्यायची तर छोटी घ्या, पर्समध्ये मावेल अशी. माझी ज्येष्ठातल्या पहिल्याच पावसात लोकलच्या दरवाज्याजवळ उभं राहून भिजली, जानेवारीची पानं निळी झालीत, मावशींच्या खात्यातल्या निम्म्या नोंदी वाचता येत नाहीत.

मामाचं राहिलं. फोननंतर चैत्रात त्याने एसटीच्या पार्सलने पाच किलोचा बॉक्स पाठवला. यंदा पाऊस आडवा आला नाही, माल पिवळाधमक. अर्धा मावशींना दिला, थोडा घाटकोपरवालीला. मामाच्या खात्यावर पहिली नोंद पडली. काड्या मात्र फार होत्या, ते त्याला सांगितलं नाही.