जुन्या बुलेटला लोकल इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट: घ्या, पण आधी डिस्ट्रिब्युटर तपासा

गाडी नव्वदच्या दशकातली बुलेट 350, कास्ट आयर्न इंजिन, 12 व्होल्ट. किट पुण्यात नाना पेठेतून घेतलं, पॉइंटच्या (डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडझाप करून प्लगला ठिणगी देणारे संपर्क) जागी बसणारं, हॉल सेन्सर (मॅग्नेट ओळखणारा) आणि पॉइंटच्या कॅमवर (पॉइंट उघडणारा फिरता उंचवटा) बसणारी मॅग्नेटची रिंग असलेलं. ब्रँडचं नाव टाकत नाही कारण सेम माल वेगवेगळ्या डब्यांत विकायला असतो, दुकानदाराला "पॉइंट काढून बसणारं, अ‍ॅडव्हान्स तसाच ठेवणारं" एवढं सांगितलं की कळतं (अॅडव्हान्स म्हणजे स्पीड वाढला की ठिणगी जरा आधी पाडणं).

आता मुद्द्याचं. गाडी किकला उलटी मारतेय, घाटात दम लागतोय, सायलेन्सरमधून फटाके वाजतायत, म्हणून लोक थेट किट घ्यायला धावतात, आणि किट बसवून पण गाडी तशीच चालते मग शिव्या किटला. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) बिघडण्याची निम्मी कारणं पॉइंटमध्ये नसतातच. डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडा, कॅम बोटात धरून आडवा हलवून बघा, खडखड हलला तर शाफ्टचा बुश (शाफ्टला धरून ठेवणारी नळी) गेलाय आणि मग तुम्ही फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्या) पॉइंटचा गॅप कितीही लावा, 0.35 ते 0.40 एमएम लावलेला गॅप गाडी चालू झाली की नाचणारच. गॅप बदलला की टायमिंग पण बदलतं, म्हणून आधी गॅप आणि मगच टायमिंग, उलटं कधीच नाही. त्यानंतर पॉइंटची प्लेट काढून खालचे ऑटो अ‍ॅडव्हान्सचे वेट (फिरताना बाहेर फेकली जाणारी वजनं) बघायचे. स्प्रिंगा ढिल्या झाल्या असतील तर आयडलिंगलाच अ‍ॅडव्हान्स खातात आणि किक मागे येते (पोटरीला विचारा), आणि वेट गंजून जाम असतील तर स्पीडला टायमिंग मागंच राहतं, इंजिन तापतं, खंबाटकीला तिसऱ्यावर पण ओढत नाही. गार असताना मस्त चालू होऊन गरम झाल्यावर बंद पडत असेल आणि पॉइंटवर मोठ्या ठिणग्या उडत असतील तर दोष कंडेन्सरचा (पॉइंटवरच्या ठिणग्या दाबणारा भाग), तो बदलून बघा, स्वस्तात सुटाल.

टायमिंग लावायची माझी पद्धत: मेन स्टँडवर, प्लग काढून, टॉप गिअरमध्ये मागचं चाक फिरवून कॉम्प्रेशनचा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर) पकडायचा, म्हणजे दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) मोकळे फिरले पाहिजेत. मग पिस्टन टीडीसीच्या 0.8 एमएम आधी आणायचा. हे मागे जरा जास्त नेऊन पुढे आणत करायचं म्हणजे गिअरमधलं प्ले निघून जातं. स्ट्रोक 90 एमएम आहे, त्यामुळं 0.8 म्हणजे क्रँकवर साधारण नऊ-दहा डिग्री होतात. प्लगचं होल तिरकं असल्यामुळं सायकलचा स्पोक घालून माप घेणारे मिस्त्री अंदाजानेच काम करतात, क्रँकवर डिग्री डिस्क (अंशांच्या खुणांची चकती) लावलेली बरी. पॉइंटच्या वायरीला आणि बॉडीला 12 व्होल्टचा बल्ब जोडून चावी ऑन केली की पॉइंट उघडतात त्याच क्षणी तो पेटतो, तिथे डिस्ट्रिब्युटर टाईट. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट क्रँकच्या निम्म्या स्पीडने फिरतो, म्हणजे तिथे एक डिग्री हलवली की क्रँकवर दोन बदलतात, त्यामुळं हात हलका ठेवा.

हे सगळं ठीक असेल तर किट भारीये. बुश थोडा लूज असला तरी मॅग्नेटला पॉइंटइतका फरक पडत नाही, टायमिंग महिनोन्‌महिने जागेवर, पॉइंटची हील (कॅमवर घासणारा भाग) झिजत नाही कारण हीलच नाही. आयडलिंग एकदम टकटक एकसारखं, पहिल्या-दुसऱ्या किकला चालू.

बॉयर ब्रॅन्सडेन किंवा पॅझॉनचं किट का नाही घेतलं असं विचारतील. इंग्लंडचं बॉयर आणि न्यूझीलंडचं पॅझॉन, दोघांचं नाव मोठं आहे आणि अ‍ॅडव्हान्स पण इलेक्ट्रॉनिकच करतात, म्हणजे वेट-स्प्रिंगांची भानगडच संपते, वेट पार गेले असतील तर तेच घ्या. पण आपल्याकडे ड्युटी-कुरिअर धरून बराच पैसा जातो आणि मेकॅनिकल अ‍ॅडव्हान्स बाहेर काढावा लागतो. माझ्या लोकल किटमध्ये कॅम आणि वेट जागेवरच आहेत, म्हणजे वरंध घाटात मॉड्यूल (किटचा इलेक्ट्रॉनिक डबा) उडालं तर टूलबॉक्समधली पॉइंटची प्लेट कंडेन्सरसकट लावून, टायमिंग बघून घरी येता येतं. मला तरी हे जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण पॉइंट पॉलिश पेपरने घासून चालू करणारा मिस्त्री कुठल्याही गावात मिळतो, मॉड्यूल रिपेअर करणारा नाही मिळत.

तोटे पण ऐका. बॅटरी मेली असेल तर पॉइंटवर धक्का मारून निघते, किटला व्होल्टेज लागतंच, म्हणून बॅटरी आणि चार्जिंग आधी नीट करा. बंद गाडीवर चावी ऑन ठेवू नका, कॉइल किंवा मॉड्यूल तापतं. जुन्या पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेल्या) गाड्यांना वायरिंग उलटं झालं तर सेन्सर गेलाच समजा. आणि डब्यात इन्स्ट्रक्शनच्या नावाने एक अस्पष्ट झेरॉक्स मिळते, वायरींचे रंग पण जुळत नाहीत, त्याचे मी मार्क कापतोय, 5 पैकी साडेतीन. प्लगची कॅप मात्र रेझिस्टरवाली, 5 किलो ओमची घ्या, साधीवर मॉड्यूल गडबडतं, आणि ती किटसोबत येत नाही, वेगळी मागावी लागते.