माळ्यावरचा सायमा की नवा ड्रोन?

काही वर्षांपूर्वी ‘पहिला ड्रोन कुठला घेऊ?’ असं विचारलं की ‘सायमा एक्स५सी’ हे नाव हमखास यायचं. त्यातले बरेच आता माळ्यावर पडून आहेत. तुमच्याकडे असा एखादा असेल, तर तो उडता करावा की आजचा स्वस्त ‘अल्टिट्यूड होल्ड’वाला, म्हणजे उंची आपोआप धरणारा, आणावा?

आधी बॅटरी बघा. मूळची ३.७ व्होल्ट, ५०० एमएएचची लिथियम-पॉलिमर. पडून पडून ती ३ व्होल्टच्या खूप खाली उतरली असेल तर कामातून गेली समजा. फुगलेली दिसली तर ‘एकदा चार्जिंगला लावून बघू’ हा मोह नकोच, ती ई-कचऱ्यात द्या. नवी घेताना पिन जुळतेय ना, ते पाहा. रिमोटमध्ये पेन्सिल सेल राहून गेले असतील तर पत्र्यांवर पांढरट थर चढलेला असतो. इअरबडला थोडं व्हिनेगर लावून पुसलं की बहुधा भागतं. मग चारही पाती बोटाने फिरवा. एखादं जड फिरलं तर गिअरच्या दांड्यात केस अडकलाय का बघा. मोटर बदलायचीच झाली तर वायरींचे रंग तपासा. लाल-निळ्या वायरींची आणि काळ्या-पांढऱ्या वायरींची मोटर उलट दिशांना फिरतात, एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

एवढ्या खटाटोपातून मिळतं काय? सातेक मिनिटांचं उड्डाण आणि त्यासाठी दीड तासाच्या वर चार्जिंग. कॅमेरा २ मेगापिक्सेलचा. तो काढूनच ठेवा, वजन तरी कमी होईल. उंची मात्र तुम्हालाच सांभाळावी लागते, डाव्या स्टिकवरून अंगठा हलवायची सोय नाही. नव्यामध्ये हवेच्या दाबावरून उंची ओळखणारा सेन्सर असतो, स्टिक सोडली तरी तो तिथेच तरंगतो. लहान मुलासाठी घेताय? मग नवाच घ्या. पण उंची धरणारा ड्रोन जागा धरतोच असं नाही. झुळूक आली की तोही शेजारच्या गच्चीवर. जागा धरायला खाली बघणारा कॅमेरा किंवा जीपीएस लागतं. २०१८ च्या ‘टेलो’ या छोट्या ड्रोनमध्ये असा कॅमेरा होता: ८० ग्रॅम वजन, १३ मिनिटं उड्डाण. एकरंगी चकचकीत फरशीवर किंवा कमी उजेडात मात्र तोही गडबडतो.

ज्याला खरंच उडवायला शिकायचंय, त्याने जुनाच दुरुस्त करावा, असं माझं मत. थ्रॉटलचा, म्हणजे उंची सांभाळणाऱ्या डाव्या स्टिकचा, हात त्याच्यावर बसतो तसा नव्यावर बसत नाही. फोटोंसाठी म्हणाल तर दोन्ही बिनकामाचे, खोक्यावर ‘४के’ छापलेलं असलं तरी. परदेशी व्हिडिओंत बघितलेला मॉडेल इथे मागवायचा बेत असेल तर तोही सोडा. तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे.

२५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ वर्गात येतो, हौसेपुरता उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. विमानतळाजवळचं लाल क्षेत्र मात्र नॅनोलाही परवानगीशिवाय बंद. पुण्यात लोहगाव, विमाननगरच्या बाजूला राहत असाल तर बॅटरी मागवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाचा नकाशा उघडून बघा.