०डब्ल्यू-२० इंजिन ऑइल: स्विफ्टमधला अकरा महिन्यांचा अनुभव

माझी २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट रोज नाशिक शहरात फिरते आणि महिन्यातून एकदा कसारा घाटाने ठाण्याला जाऊन येते. वॉरंटी संपल्यावर मी घराजवळच्या एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग करून घेऊ लागलो. ‘गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल टाकू’ असे सांगून तिथे २०डब्ल्यू-४० भरण्यात आले आणि मीही ते मान्य केले. पुढच्या हिवाळ्यात सकाळी स्टार्टर जड फिरू लागला आणि इंजिन सुरू झाल्यावर काही क्षण वरच्या बाजूने टकटक ऐकू येऊ लागली.

तेव्हा गाडीसोबत मिळालेली पुस्तिका काढली. तीत ०डब्ल्यू-२० ची शिफारस होती. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा ऑइल थंडीत किती सहज वाहते ते सांगतो, तर नंतरचा आकडा तापलेल्या ऑइलचा घट्टपणा सांगतो. १०० अंश सेल्सिअसला २० ग्रेडचा घट्टपणा ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजण्याचे एकक) असतो आणि ४० ग्रेडचा १२.५ ते १६.३, म्हणजे पावणेदोन पटींच्या आसपास. या इंजिनात व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते आणि तिच्या वाटा अरुंद असतात, ज्यांतून पातळ ऑइल सहज पोहोचते, त्यामुळे पातळ ऑइल म्हणजे कमी संरक्षण हा समज येथे लागू पडत नाही.

दुसऱ्या मेकॅनिककडून ऑइलचा चेंबर पूर्ण रिकामा करून, फिल्टर आणि ड्रेन नटचा वॉशर बदलून, एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या ‘एसपी’ दर्जाचे सिंथेटिक ०डब्ल्यू-२० भरले. हा दर्जा मे २०२० पासून लागू झाला असून जुन्या दर्जाच्या जागीही चालतो. किंमत आधीच्या ऑइलच्या जवळपास दुप्पट पडली, आणि ती मला योग्य वाटते.

पहिल्या आठवड्यातच सकाळची टकटक थांबली. डिसेंबरच्या कडाक्यातही स्टार्टर हलका फिरला. मायलेज लिटरमागे साधारण अर्धा किलोमीटर वाढले. मात्र त्याच वेळी एअर फिल्टरही बदलला होता, म्हणून सारे श्रेय ऑइलला देणे बरोबर होणार नाही. घाट चढताना इंजिनाच्या आवाजात मला फरक जाणवला नाही.

ऑइल तीन हजार किलोमीटरनंतर काळपट झाले. ती खराबी नव्हे. इंजिनातली काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. पुस्तिकेतली मुदत १०,००० किलोमीटर किंवा बारा महिने, यांपैकी जे आधी येईल ती आहे. माझ्यासारखे ज्यांचे फेरे चार-पाच किलोमीटरचे असतात, त्यांच्या गाडीत ऑइल पुरेसे तापत नाही आणि त्यात पेट्रोलचा व पाण्याचा अंश साचत जातो, म्हणून त्यांनी महिन्यांची मुदत मुळीच चुकवू नये.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, गाडी सपाट जागी उभी असताना आणि इंजिन थंड असताना, मी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, सुती फडक्याने पुसून पुन्हा घालून बघतो. आठ हजार किलोमीटरला पातळी वरच्या खुणेपासून दोन-तीन मिलिमीटर उतरलेली दिसली, तेव्हा डब्यात शिल्लक राहिलेल्या त्याच ऑइलमधून थोडे भरले.