जेसनवरून प्रोटोबफवर: काही महिने वापरल्यानंतर

आमचं ॲप दूध संकलन केंद्रांवर चालतं. उत्पादकाचं नाव, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), बस. फोन मात्र जुने, आणि ॲप अपडेट करायची कुणाला घाई नाही. त्यामुळे सर्व्हर आणि ॲपमधली देवाणघेवाण जेसनऐवजी (माणसाला वाचता येणारा मजकुरी साचा) प्रोटोबफमध्ये (गूगलचा आटोपशीर बायनरी साचा) करायचं ठरलं तेव्हा मला एकच धास्ती होती: जुन्या आवृत्त्यांचं काय?

आधी आकाराबद्दल, कारण सगळे तेच विचारतात. आकडे छान आटोपशीर होतात. मजकुराचं तसं नाही. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. 'महाराष्ट्र' म्हणजे काने-हलन्त धरून १० चिन्हं, ३० बाइट, प्रोटोबफमध्येही तेवढेच. आमच्या नावांची जागा निम्मी झाली खरी, पण त्याचं कारण वेगळं होतं. सर्व्हरवरच्या पीएचपी भाषेचं जेसन प्रत्येक देवनागरी चिन्ह ६ अक्षरी युनिकोड संकेतात लिहीत होतं. ते तर एक पर्याय बदलूनही थांबलं असतं.

खरी कमाई फील्ड नंबरांची. प्रोटोबफमध्ये मेसेजचा आराखडा (स्कीमा) आधी एका फाइलीत लिहायचा आणि त्यातल्या प्रत्येक फील्डला, म्हणजे रकान्याला, एक नंबर द्यायचा. तारेवरून फील्डचं नाव जातच नाही, फक्त नंबर, प्रकार आणि मूल्य जातं. त्यामुळे नाव बदललं तरी जुन्या ॲपला पत्ता लागत नाही, आणि नवं फील्ड आलं तर जुनं ॲप ते गुपचूप ओलांडून पुढे जातं. काढलेल्या फील्डचा नंबर 'रिझर्व्ह्ड' लिहून कायमचा बाद करायचा, एवढं पथ्य. १ ते १५ नंबरांचा टॅग (नंबर आणि प्रकार मिळून) एका बाइटमध्ये मावतो, म्हणून ते रोजच्या फील्डांसाठी राखावेत.

जुन्या ॲपने नोंद वाचली, दुरुस्त केली आणि परत पाठवली, तर त्याला न कळलेलं फील्ड टिकतं का? सुरुवातीच्या प्रोटो३ मध्ये (प्रोटोबफच्या स्कीमा-भाषेची तिसरी आवृत्ती) ते गळून जायचं. प्रोटोबफच्या २०१७ मधल्या ३.५ आवृत्तीपासून टिकतं. पण आलेला मेसेज तसाच जपला तर. ॲपने त्यातली मूल्यं फोनमधल्या डेटाबेसमध्ये उतरवली आणि पाठवताना नवा मेसेज बांधला, की अनोळखी फील्ड गेलंच. ऑफलाइन चालणारी बहुतेक ॲप्स नेमकं हेच करतात.

शून्याने मात्र छळलं. प्रोटो३ मध्ये साधं संख्येचं फील्ड शून्य असेल तर ते पाठवलंच जात नाही. फॅट खरंच शून्य आलं, का मशीनच बंद होतं, हे घेणाऱ्याला कसं कळावं? आणि यावर उत्पादकाचा दर ठरतो! 'ऑप्शनल' हा शब्द प्रोटो३ मध्ये पूर्णपणे परतला तो ३.१५ मध्ये, २०२१ साली. तो लावला की शून्य दिलं होतं का काहीच दिलं नव्हतं हे कळतं. तो लावल्यावर प्रश्न मिटला, पण पैशाशी संबंधित फील्डांना तो पहिल्या दिवसापासून हवा. कपातीसारख्या उणे आकड्यांना साधा इंट३२ (पूर्णांकाचा प्रकार) देऊ नका, उणे एकसुद्धा १० बाइट खातो. उणे आकडे आटोपशीर लिहिणारा सिंट३२ घ्या. मात्र तेही सुरुवातीलाच, कारण नंतर एकाचं दुसरं केलं तर जुन्या ॲपला आकडे चुकीचेच दिसतात.

गाय-म्हैस यादीत 'मिश्र' आलं, तर जावातलं जुनं ॲप त्याला 'अनरेकग्नाइझ्ड' म्हणतं आणि त्याचा नंबर मागितला की अपवाद फेकतं. अशा ठरावीक पर्यायांच्या यादीला एनम म्हणतात. एनमच्या प्रत्येक स्विचमध्ये, म्हणजे पर्यायानुसार वाट निवडणाऱ्या कोडमध्ये, बाकी सगळ्यांसाठी 'डीफॉल्ट' हवाच.

ब्राउझरमधल्या डॅशबोर्डला आम्ही जेसनच ठेवलं. क्लायंट (ॲप किंवा ब्राउझर) विनंतीच्या ॲक्सेप्ट हेडरमध्ये जो साचा मागेल ते सर्व्हर देतो. तरी प्रोटोबफच्या जेसनला स्वतःच्या खोडी आहेत. फील्डांची नावं कॅमलकेसमध्ये (शब्द जोडून, मधलं अक्षर कॅपिटल) येतात, शून्यं गायब असतात, आणि इंट६४, म्हणजे मोठा पूर्णांक, अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून येतो, कारण जावास्क्रिप्टची संख्या २ च्या ५३ व्या घातापलीकडे अचूक राहत नाही. बेरीज लिहिताना रूपांतर विसरलं की १२० आणि ३० मिळून १२०३०. पहिल्या दोन गोष्टींना सेटिंग आहे, तिसरीला जुन्या डॅशबोर्डचा कोडच बदलावा लागला.

रात्री बिघाड शोधताना जेसनची आठवण येते. कर्ल या कमांडने सर्व्हरचं उत्तर मागवलं तर फक्त चिन्हांचा गोंधळ दिसतो; प्रोटोबफच्या प्रोटोसी कंपायलरचं 'डीकोड रॉ' लावलं तर नुसते नंबर आणि मूल्यं, नाव कुठेच नाही. स्कीमा फाइल हाताशी नसलेल्या सपोर्टच्या माणसाला हे निरुपयोगी आहे.

क्लायंट तुमच्याच हातात असेल आणि तो वेळेवर अपडेट होत असेल, तर एवढा खटाटोप करू नका. जेसनला जीझिपचं कॉम्प्रेशन लावा. आमच्यासारखे जुने फोन सांभाळायचे असतील तर प्रोटोबफ घ्या, पण स्कीमातला जोडणी तोडणारा बदल मुख्य कोडमध्ये मर्ज होण्याआधीच अडवणारी 'बफ'सारखी तपासणी आधी बसवा आणि मगच पहिलं फील्ड लिहा.