रोटाव्हायरसचं रॅपिड कार्ड: लॅबने घ्यावं, पालकांनी नको

रोटाव्हायरस म्हणजे लहान मुलांना जुलाब करणारा विषाणू. नाशिकच्या गोळे कॉलनीत होलसेलला मिळणारी त्याच्या झटपट तपासणीची कार्डं, साधी असोत की अॅडिनो या दुसऱ्या विषाणूसह असलेली रोटा-अॅडिनो कॉम्बो, रोटासाठी एकच काम करतात: शौचातलं विषाणूचं व्हीपी६ प्रथिन पकडून रेघ उमटवतात. ‘अ’ गटाच्या सगळ्या रोटाव्हायरसमध्ये हे प्रथिन जवळपास सारखंच असतं. त्यामुळे पोराच्या पोटात विषाणूचा कुठलाही प्रकार, जी१पी[८] असो, जी३पी[८] असो की जी९पी[४], रेघ तीच. वॉर्डात पेशंट वेगळा ठेवायचा की नाही, एवढं ठरवायला ते पुरतं.

निगेटिव्ह आलं की कार्डाला दोष देण्याआधी नमुना पाहा. डायपरमध्ये पातळ भाग जेलमध्ये जिरतो आणि चमच्यावर नुसता चोथा येतो. डायपर उलटा, प्लास्टिकची बाजू आत करून बांधायला सांगा. जुलाब सुरू झाल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांतला नमुना उत्तम. आठवडा उलटला की विषाणू फारसा सापडत नाही. बफरच्या नळीत पत्रकात दिलंय तेवढंच शौच घाला. ‘थोडं जास्त’ घातलं की पट्टी तुंबते, कंट्रोलची (चाचणी नीट चालल्याची) रेघही येत नाही, कार्ड वाया. हलवून गाळ खाली बसू द्या, मगच थेंब टाका. ठरलेली वेळ संपल्यावर उमटलेली फिकट रेघ धरायची नाही.

बहुतेक पॅकवर साठवण ३० अंशांपर्यंत लिहिलेली असते. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये बंद दुकानातला माळा त्याच्या कितीतरी वर जातो, तेव्हा माल कुठे ठेवला होता हे विचारूनच घ्या. लसीकरणाचं कार्डही बघा. रोटाची लस तोंडावाटे दिलेला जिवंत विषाणू आहे, डोसनंतर काही दिवस तो शौचातून पडतो आणि कार्ड पॉझिटिव्ह येऊ शकतं.

आता हे कार्ड जे सांगत नाही ते. विषाणूचा जनुकसंच ११ तुकड्यांचा. व्हीपी७ या प्रथिनाच्या तुकड्यावरून जी, व्हीपी४ च्या तुकड्यावरून पी प्रकार ठरतो. एकाच पेशीत दोन स्ट्रेन (विषाणूचे वेगळे वाण) शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होते. महाराष्ट्रात २०१९ पासून सरकारी लसीकरणात रोटाची लस आहे. रोटाव्हॅक ही लस जी९पी[११] वर बेतलेली, रोटासिल या दुसऱ्या लसीत जी१, २, ३, ४ आणि ९. म्हणून गावात काय फिरतंय हे पाहत राहावं लागतं, आणि त्याला आरटी-पीसीआर लागते. तिथेही प्रायमर (ठरावीक तुकडा शोधणारे छोटे जनुकीय धागे) जुने असले तर बदललेला स्ट्रेन ‘अनटायपेबल’, म्हणजे प्रकार न ठरणारा, म्हणून निघतो. मग सिक्वेन्सिंगशिवाय, म्हणजे जनुकाचा क्रम वाचल्याशिवाय, गत्यंतर नाही.

टायपिंगसाठी (प्रकार ठरवण्यासाठी) नमुना ठेवायचा तर किटच्या बफरमधला नको. मूळ शौच क्रायोव्हायलमध्ये (गोठवायच्या छोट्या नळीत), उणे २० वर, जास्त दिवस ठेवायचं तर उणे ७० वर. पुन्हा पुन्हा वितळवलं की आरएनए (विषाणूचं जनुकीय द्रव्य) तुटतो, म्हणून एका नमुन्याच्या दोन व्हायल करा. वय, गाव आणि लसीच्या तारखा लेबलवरच्या नंबरशी जुळवून लिहा. फक्त ठळक रेघवाले नमुने उचलायचे नाहीत, आणि शहरातल्याच मुलांचेही नाहीत. सुरगाणा-पेठ या जिल्ह्यातल्या तालुक्यांकडचे नसतील तर त्याला जिल्ह्याचं चित्र म्हणता येत नाही.

पालकांनी हे कार्ड घरी आणण्यात अर्थ नाही. रेघ आली किंवा नाही आली, ओआरएस तेवढंच आणि झिंक १४ दिवस: सहा महिन्यांखाली रोज १० मिग्रॅ, पुढे २०. बाळ सुस्त असेल, लघवी थांबली असेल, तर कार्डाची वाट न बघता दवाखाना गाठा.