पटांगणातलं ‘शारदा’ बघाच, आणि डाव्या बाजूला बसा

पूर्व उपनगरातल्या एका कॉलेजनं यंदा मे महिन्यात आपल्या पटांगणात जुन्या नाटकांचा महोत्सव मांडला आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘सौभद्र’, गोविंद बल्लाळ देवलांची ‘झुंजारराव’ आणि ‘शारदा’. कलाकार सगळे आजी-माजी विद्यार्थी. तिकीट १०० रुपये, ओळखपत्र दाखवलं तर विद्यार्थ्यांना फुकट. बँकेच्या नाट्यमंडळात मी वर्षानुवर्षं प्रॉम्प्टिंग केलंय, त्यामुळे माझा कान आधी शब्दांकडे जातो. ही नाटकं शब्दांवरच तर उभी आहेत. धोबी तलावचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह शांतता क्षेत्राच्या नियमांत अडकून बंद पडलं, त्यानंतर उघड्यावर बसून काही बघायची मुंबईकरांची सवयच सुटली. तेव्हा लोकलच्या खडखडाटात आणि रिक्षांच्या हॉर्नमध्ये देवलांचं वाक्य मागच्या रांगेपर्यंत पोचतं का, एवढंच मला बघायचं होतं.

‘शारदा’त पोचतं. अगदी स्वच्छ पोचतं.

सात वाजता नांदी झाली तेव्हा उजेड होता आणि कावळे झाडावर परतत होते. पहिला प्रवेश दिव्यांशिवायच सुरू झाला. या मुलांनी कॉलर माइक लावलेच नव्हते. रंगमंचावर वरून टांगलेले माइक होते आणि बाकी भरवसा स्वतःच्या गळ्यावर. १८९९ सालचं हे नाटक, पैशासाठी म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात पोटची पोर बांधायला निघालेल्या बापाचं. कांचनभट झालेल्या मुलानं त्याला खलनायक केलं नाही, हे मला फार आवडलं. शारदेच्या लग्नाचा विषय निघाला की तो तिच्याकडे बघत नाही. उपरण्याच्या टोकाची गाठ सोडतो, बांधतो, पुन्हा सोडतो. त्या गाठीत पैसे आहेत हे कुणी सांगावं लागत नाही.

शारदेचं काम करणारी मुलगी शब्द गिळत नाही. हल्ली चांगले चांगले नट वाक्याचं शेवटचं क्रियापद खाऊन टाकतात. हिनं एकही खाल्लं नाही. आईशी बोलतानाचा तिचा प्रवेश ऐन लोकलच्या वेळेला आला. गाडी गेली, ती थांबली, आईचा पदर मुठीत तसाच धरून ठेवला आणि आवाज न चढवता पुढचं वाक्य घेतलं. ही समज शिकवून येत नाही. मैत्रिणींनी म्हाताऱ्या नवऱ्याची थट्टा करण्याचं पद तर मुली खाली प्रेक्षकांत उतरून म्हणाल्या, माइक नाही, काही नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या दोन शाळकरी पोरी खुर्च्यांवरून उठून उभ्याच राहिल्या. सव्वाशे वर्षांपूर्वीचं नाटक आहे हो हे!

‘सौभद्र’ गाण्यासाठी ऐकावं. साथीला ट्रॅक नाही, खरा ऑर्गन आणि खरा तबला, आणि याबद्दल कॉलेजला शंभर नमस्कार. मेमधल्या दमट हवेत तबल्याची पुडी सारखी उतरते. सुभद्रेचा नवरा म्हणून बलराम दुर्योधनाची तरफदारी करत गरजत होता तेव्हा तबलजी मान खाली घालून हलक्या हातानं तबल्याचे लाकडी गट्टे ठोकत, कानाजवळ नेऊन सूर जमवत होता; पद सुरू व्हायच्या आत तबला तयार. मी डावीकडे साथीदारांच्या जवळ बसलो होतो म्हणून हे दिसलं, तुम्हीही तिथेच बसा. कृष्णाचा गळा गोड आहे. पण तो ताना घ्यायला लागला की रुक्मिणी ताटकळते. पद हे संवादाचंच पुढचं वाक्य आहे, कुणीतरी त्याला प्रेमानं सांगायला हवं. अर्जुन संन्याशाच्या वेषात आल्यावर मात्र धमाल येते. १८८२ सालची ती लुटुपुटीची लपवाछपवी या मुलांच्या वयाला शोभूनही दिसते.

‘झुंजारराव’ कानाला त्रास देऊन गेलं. ‘ऑथेल्लो’वरून देवलांनी हे १८९० साली लिहिलं. सगळं विष कानात कुजबुजून कालवायचं नाटक. नेमके इथेच कॉलर माइक लावले आणि ते जरीच्या अंगरख्यावर घासून खरखरत राहिले. दोन्ही स्पीकर पुढे, मागच्या रांगांना नुसता घुमारा. मुलांची मेहनत दिसत होती म्हणून जास्तच जीव हळहळला. ‘शारदा’ची पद्धत इथेही वापरली असती तर?

आता माझी खरी तक्रार. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, हे आयोजकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तरी ‘शारदा’च्या मध्यंतरात शाल-श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि भाषणं यांत चांगला अर्धा तास गेला. त्याची भरपाई पुढच्या भागातून कापून केली. कापलं काय, तर नवरा-नवरी सगोत्र, म्हणजे एकाच गोत्राचे, निघतात म्हणून लग्न मोडतं, तो उलगडा! ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांना ऐन मंडपात लग्न का थांबलं ते कळलंच नाही. मागून एक तरुण मुलगा मित्राला विचारत होता, “पण झालं काय नक्की?” पाच अंकी नाटक तीन तासांत बसवताना कात्री लागणारच. पण ती तालमीत, संहिता पुढ्यात ठेवून लावायची असते. त्या मुलांनी पाठ केलेली वाक्यं सत्कारासाठी जावीत हे मला अजिबात पटलेलं नाही. प्रयोग संपल्यावर मी विंगेत जाऊन दिग्दर्शिकेला हे सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, “काका, पुढच्या प्रयोगाला सत्कार आधी उरकतो.”

बाकी व्यवस्था ठीक. प्यायचं पाणी मुबलक, बटाटेवडा गरम, खुर्च्या प्लॅस्टिकच्या पण ऐसपैस. डास आहेत, ओडोमॉस लावून जा. स्वच्छतागृह मागच्या इमारतीत आहे आणि वाटेवर अंधार, ज्येष्ठांसाठी तिथे एक दिवा लावायला हरकत नाही. गाडी नेऊ नका, स्टेशनपासून चालत जाता येतं.

‘शारदा’चा आणखी एक प्रयोग येत्या शनिवारी आहे. खुर्च्यांना नंबर नाहीत, तेव्हा साडेसहाच्या आत पोचा. नातवंडांना न्या, आणि गोत्राची गोष्ट तेवढी घरून सांगून न्या.